कोपरावरचं रफू

भिंगवालीचा नवरा वाईट नव्हता, हीच तिची खरी अडचण होती. वाईट असता तर चार लोकांत सांगता आलं असतं. पिऊन येतो, हात उगारतो, घरात पैसा देत नाही, असलं काही सांगितलं की ऐकणारा निदान च्च च्च तरी करतो. हिने सांगायचं काय? नवरा भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालतो? रविवारी मांडी घालून बायकोच्या स्वेटरचं कोपर रफू करतो? असलं गाऱ्हाणं ऐकून लोक हिलाच वेड्यात काढणार, आणि तिच्या सख्ख्या ताईने तर काढलंच होतं. "अगं, महिनाभर माझ्याकडे पाठव त्याला," ताई फोनवर खो खो हसत म्हणाली होती, "आमच्याकडे मोजे पायातून निघतात ते थेट पंख्यावर जाऊन बसतात."

इमारतीत त्याला सगळे नेमस्त म्हणत, आणि तेही कौतुकानेच. पाणीखात्यात तो गळती शोधायचं काम करी. पहाटे रस्त्यावर आवाज नसताना लोखंडी दांडीचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून तो चालायचा, आणि खाली खोलवर नळ कुठे पाझरतोय ते बरोबर सांगायचा. वाया जाणारा थेंब त्याला सहन होत नसे. खात्यात असा माणूस म्हणजे सोनं. घरात तोच कान घेऊन तो वावरला की काय होतं, ते खात्याला काय ठाऊक!

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून चौकटीत बसवायची. म्हणून भिंगवाली. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, सांगायचे की हिच्या हातची काच नाकावर बसली की गिऱ्हाईक परत फिरकत नाही, आणि धंद्याच्या दृष्टीने ही काही चांगली गोष्ट नव्हे.

कपाटाचं प्रकरण सुरू झालं ते एका व्याख्यानापासून. एका शर्टापुरता कापूस पिकवायला किती पाणी लागतं ते नेमस्ताने तिथे ऐकलं, आणि गडी दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घरातले झाडून सगळे कपडे पलंगावर ओतले. याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात, तो म्हणाला. मोजकेच कपडे ठेवायचे, टिकाऊ ठेवायचे, आणि कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर चालला पाहिजे. पांढरा, करडा, निळा, काळा, बस. कॅप्सूल म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे तापाच्या गोळ्या आल्या. कल्पना वाईट नव्हती. जगात कपड्यांचे डोंगर साचलेत हे तिलाही कळत होतं, आणि सकाळी काय घालू म्हणून कपाटापुढे उभं राहायची कटकट मिटली तर कुणाला नको होती?

पण मग तो एकेक कपडा उचलून विचारायला लागला. हा का ठेवायचा? तिचा एक हिरवा झगा होता, पोपटासारखा हिरवा, त्याला मोठे मोठे खिसे. "का?" त्याने विचारलं. "आवडतो," ती म्हणाली. "आवडतो हे झालंच, पण का आवडतो?" तो अगदी मनापासून विचारत होता, आवाजात जरासुद्धा धार नव्हती. "खिसे आहेत म्हणून." "खिसे पँटलाही आहेत." "रंग छान आहे." "कशावर जातो?" कशावरच जात नव्हता. असं पाव तास चाललं, आणि शेवटी तो झगा उचलून देऊन टाकायच्या ढिगावर टाकला तो तिने, स्वतःच्या हाताने. नेमस्ताने नाही म्हटलंच नव्हतं. लग्नापासून आजतागायत तो तिला कशालाही नाही म्हणालेला नव्हता. तो फक्त का म्हणून विचारायचा, आणि तिची कारणं एकेक करून तपासत बसायचा, आणि तिच्या पदरी शेवटी एकही कारण उरायचं नाही.

लग्नानंतर आठवड्याभरात त्याने सांगितलं होतं, "मला अहो म्हणू नकोस, आपण बरोबरीचे." तेव्हापासून ती त्याला अरे म्हणत होती, कारण त्याने सांगितलं होतं.

आता कपाटात कपडे असे टांगलेले असत की मधे बोटभर जागा सुटलेली, ना कमी ना जास्त. सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवायचे आणि कपडा वापरला की सुलट करायचा, म्हणजे काय वापरात आहे आणि काय नुसतं लटकतंय ते दिसतं. नवीन एक घ्यायचा तर जुना एक काढायचा. इमारतीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना हे कपाट दाखवायला घेऊन येत, आणि भिंगवाली चहा करून कपाटाशेजारी उभी राहत असे. आपणही टांगलेल्या आहोत असं तिला तेव्हा वाटायचं, आणि ते वाटणं ती गिळून टाकायची.

अशात ते पत्र आलं. समुद्राकाठच्या एका गावात डोळ्यांच्या इस्पितळाला भिंगं तयार करणारी बाई हवी होती. काकांनीच, स्वतःचं नुकसान करून, तिचं नाव सुचवलं होतं. दिवसभराच्या बसच्या प्रवासावर गाव, राहायला खोली, आणि काम असं की नुसती नाकावरची काच नव्हे, जन्मापासून अंधुक दिसणाऱ्या मुलांसाठी जाड जाड भिंगं घासायची. पत्र तिने उभ्यानेच दोनदा वाचलं. हे तिला हवं होतं. आधी दोनदा असं काही हवंसं तिच्या दाराशी आलं होतं आणि दोन्ही वेळा तिने ते नेमस्ताला सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "जरूर जा. पण का जायचंय ते आपण नीट बघू या." बघता बघता दोन्ही वेळा नकाराचं पत्र तिनेच लिहिलं होतं.

या वेळी तिने कानाला खडा लावला. सांगायचं नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही. रविवारी दुपारच्या बसने निघायचं आणि तिकडे पोचल्यावर फोन करायचा. त्याने फोनवर का म्हणून विचारलं तर निदान मधे एवढा रस्ता असेल.

आता बॅग भरायची कशी? दुसऱ्या एखाद्या बाईच्या कपाटातून दहा कपडे गेले तरी नवऱ्याला पत्ता लागत नाही, दुकानात काउंटर सांभाळणारी तिची मैत्रीण तर म्हणे, "माझ्या कपाटात नवरा हरवला तरी कळायचं नाही." पण इथे एक हँगर रिकामा झाला की पडलेल्या दातासारखा दिसे. तरी तिने धीर करून एके दिवशी डब्याच्या पिशवीत एक पांढरा शर्ट घालून नेला. संध्याकाळी चपला काढते न काढते तोच आतून आवाज आला.

"अगं, पांढरा शर्ट दिसत नाही?"

"दुकानात राहिला," ती म्हणाली. "शाई सांडली त्यावर."

"घेऊन ये उद्या. शाई मी काढतो."

दुसऱ्या दिवशी बिचारीला दुकानात बसून चांगल्या धडधाकट शर्टावर स्वतःच्या हाताने शाई सांडावी लागली. एकदा खोटं बोललं की ते खरं करून दाखवण्यात किती मेहनत जाते! संध्याकाळी नेमस्ताने लिंबू आणि मीठ घेऊन दोन तास तो डाग चोळला आणि काढला. "बघ," शर्ट दिव्यापुढे धरून तो म्हणाला. इतका खुश दिसत होता की तिला त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

मग तिने दुसरा मार्ग धरला. घरातला एक धागा हलवायचा नाही, सगळं बाहेरूनच जमवायचं. दुकानापलीकडच्या गल्लीत वापरलेले कपडे विकणारी एक बाई बसे. जेवणाच्या सुट्टीत भिंगवाली तिथे जायची आणि एकेक कपडा आणून मागच्या खोलीतल्या कपाटात, चौकटींच्या खोक्यांमागे, एका बॅगेत ठेवायची. एखादा शर्ट, एखादी पँट, एक स्वेटर. हे करताना तिला चोरी केल्यासारखं वाटे आणि मजाही वाटे. कितीतरी दिवसांत ती काचा घासताना गुणगुणली नव्हती, ती गुणगुणायला लागली.

बॅग भरत आली तेव्हा एकदा काउंटरवालीला राहवलं नाही. "बघू तरी राणीसरकारांची खरेदी," म्हणत तिने चेन उघडली आणि कपडे टेबलावर काढले. मग तिचा चेहरा उतरला.

"अगं, हे तर तुझेच. घरातून आणलेस का शेवटी?"

"नाही गं. त्या बाईकडून घेतले सगळे."

"सगळे?" काउंटरवालीने एक करडा स्वेटर उचलून भिंगवालीच्या अंगावरच्या करड्या स्वेटरशेजारी धरला. कोपरावरचं रफू सोडलं तर घरचा कुठला आणि विकतचा कुठला, सांगता आलं नसतं. "तिच्याकडे लाल होते, पिवळे होते, फुलांचे होते. मी परवाच बघितले. तुला कुणी सांगितलं होतं करडा घे म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. भिंगवालीने टेबलावरच्या कपड्यांकडे पाहिलं. दोन पांढरे, दोन करडे, निळा, काळा. कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर चालला असता. तिने त्या बाईच्या दुकानात फुलांचे झगे हाताने बाजूला सारले होते, ते आता तिला आठवलं. सारताना मनात आलं होतं, हा कशावर जाणार? ती मटकन स्टुलावर बसली, आणि काउंटरवाली, जिची जीभ कधी स्वस्थ राहत नाही, ती गप्प उभी राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"परत करून दुसरे आणू या?" शेवटी ती म्हणाली.

"आता वेळ नाही," भिंगवाली म्हणाली. वेळ होता. पण दुसरे कुठले आणायचे ते तिला सुचत नव्हतं.

त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यातूनच पुढची चूक झाली. काच घासताना पाणी उडतं म्हणून ती स्वेटर काढून खुंटीला लावत असे. संध्याकाळी काउंटरवालीने घाईघाईत टेबलावरच्या पसाऱ्यासोबत खुंटीवरचा स्वेटरही बॅगेत कोंबला, भिंगवालीने टेबलावर उरलेला दुसरा अंगात घातला, आणि ती घरी गेली.

नेमस्ताने दार उघडलं. रोजच्यासारखा तिच्या हातातून डबा घेतला. आणि मग त्याची नजर तिच्या उजव्या कोपरावर गेली आणि तिथेच राहिली. घरच्या स्वेटरच्या त्या कोपरावर त्याने मागच्या थंडीत रफू केलं होतं, निळसर धाग्याने, मुद्दाम दिसेल असं. रफू लपवायचं नसतं, मिरवायचं असतं, असं त्याचं म्हणणं. खरोखर सुरेख रफू होतं ते. आणि आता तिथे साधं, करडं, कधी न फाटलेलं कोपर होतं.

त्याने दोन बोटांनी ते कोपर हलकेच चाचपून पाहिलं. रस्त्याला दांडी लावून ऐकतो तसा चेहरा झाला होता त्याचा. आता विचारील, आता विचारील. पण तो म्हणाला, "हात धुऊन घे, वाढतो," आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वेटर बदलून आणला. त्याने चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो नेहमीसारखाच हसत होता, भांडी घासत होता, हँगर सुलट करत होता. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. एकदा वाटे, त्याला काही कळलेलं नाही. मग वाटे, गळती सापडल्यावर हा माणूस लगेच खणत नाही, आधी पुन्हा पुन्हा ऐकून खात्री करतो. तिला स्वतःच्याच घरात खोकायची भीती वाटू लागली.

रविवार उजाडला. आज दुकानात मालाची मोजदाद आहे अशी थाप तिने आधीच मारून ठेवली होती. तोंड धुऊन ती बाहेरच्या खोलीत आली तर दाराशी एक बॅग होती. तिची नव्हे, नेमस्ताची, पाणीखात्याच्या दौऱ्यावर नेतो ती चांगली, मजबूत, काळी बॅग. तो टेबलाशी चहा घेऊन बसला होता आणि तिचाही कप झाकून ठेवलेला होता.

"बस दुपारची ना?" तो म्हणाला. "मी भरून ठेवली."

ती होती तिथेच थांबली.

"स्वेटरचं काय ते विचारायला काल दुकानात गेलो होतो, तू बँकेत गेली होतीस तेव्हा. काका म्हणाले, अभिनंदन. म्हणाले, तुम्ही मोठ्या मनाचे, बायकोला एवढ्या लांब पाठवताय. बसची वेळही त्यांनीच सांगितली." तो थांबला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. "मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का गं?"

"नाही," ती म्हणाली. खरंच होतं ते.

"मग?"

तिने झाकून ठेवलेल्या कपाकडे पाहिलं.

"असो. तुझी दुकानातली बॅगही काकांकडून मागून आणली मी, तुला सांगू नका म्हटलं. एकसारखे दोन दोन कशाला? ते कपडे देऊन टाकले सकाळीच, कुणाला तरी उपयोगी पडतील. घरचेच घातलेत यात, गुंडाळून, म्हणजे चुरगळत नाहीत. करडा वर आहे, बसमध्ये लागेल. आणि मी बदलीचा अर्ज टाकतोय. त्या गावचे नळ फार जुने आहेत, खात्याला माणूस हवाच असतो. तोवर दर शनिवारी येईन. तिथलं कपाट आपण दोघं मिळून लावू." त्याने डोळे पुसले आणि तो हसला. सगळी गळती त्याने बुजवली होती. एक थेंब बाहेर जायला जागा ठेवली नव्हती.

भिंगवाली त्या काळ्या बॅगेकडे पाहत उभी राहिली. इतक्या दिवसांत, इतक्या चोरून, ती हे घर सोडून निघाली होती, आणि त्याने सगळं घर नीट घड्या करून, चेन लावून, तिच्यासोबत द्यायला ठेवलं होतं. ही बॅग उचलली की आपण कुठेही गेलेलो नसू, हे तिला लख्ख दिसलं.

तिने पर्स खांद्याला लावली. पत्र आणि बसचं भाडं त्यातच होतं. चप्पल पायात सरकवली.

"अगं, चहा तरी घे. आणि बॅग?"

"मला नको."

"नको म्हणजे? मग तिकडे घालशील काय?"

"माहीत नाही."

"असं कसं चालेल?" तो उठला. आवाज अजून मऊच होता, डाग काढताना असतो तसा. "काही कमी पडलंय का? दुसरं काही घालू? तू सांग, आपण बसून बघू. बॅग का नको?"

कारणं तिच्या जिभेवर आली. एक नाही, दहा आली. आणि तिने त्यातलं एकही बाहेर काढलं नाही, कारण एक जरी बाहेर पडलं असतं तर त्याने ते अलगद उचलून उजेडात धरलं असतं, आणि दुपारची बस गेली असती. ती दाराबाहेर पडली.

"अगं पण का?" तो जिन्यात तिच्या मागोमाग बॅग घेऊन उतरत म्हणाला. वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून डोकावली. "हिला एवढं विचारतोय मी, का ते तरी सांगेल ना!" तो त्या बाईला म्हणाला, आणि तिने भिंगवालीकडे असं पाहिलं, जणू हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. पाहू दे. पायऱ्या संपत नव्हत्या. तिला मागे वळून त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि धक्का द्यावासाही वाटत होता, आणि यातलं काहीही केलं तरी ती अडकली असती.

ती रस्त्याला लागली तेव्हा तो फाटकाशी थांबला होता. वारा सुटला होता आणि थंडी होती.

"बरं, बॅग राहू दे," त्याने ओरडून सांगितलं. त्याच्या हातात तो करडा स्वेटर होता. "निदान हा तरी ने. गारठशील गं."

गारठणार होतीच. अंगात पातळ शर्ट होता, तोही त्याच कपाटातला, पण तो काही रस्त्यात काढून देता येत नव्हता. ती थांबली, हे खरं आहे. पाठमोरीच थांबली. त्या हाकेतली माया खरी होती, आणि त्या मायेसाठी वळलं की संपलं, हेही खरं होतं.

"गारठू दे मला," ती म्हणाली, इतक्या हळू की त्याला ऐकू गेलं नसेल, आणि चालू लागली.

बस सुटायला अजून वेळ होता. ती स्थानकावर बाकावर काखेत हात घालून बसून राहिली. मग गाडी आली, खिडकीजवळची जागा मिळाली, खिडकी नीट लागत नव्हती. आपण केलं ते बरोबर की चूक हे तिला घाट उतरेपर्यंतही कळलं नाही. मधेच तिला रडू आलं, मधेच भूक लागली. रस्ताभर ती कुडकुडत होती, आणि गाडीभर माणसांत एकानेही तिला का म्हणून विचारलं नाही.